इमारतीतलं पहिलं स्वतंत्र बायोस

घरात सगळ्यांच्या आधी जो उठतो, घर त्याचं असतं, असं माझं फार जुनं मत आहे. फ्लॅट कोणाच्याही नावावर असो. पाणी कधी भरायचं, कोणती खिडकी उघडायची, पेपर आधी कोणाच्या हाती पडायचा, हे सगळं बाकीचे डोळे चोळत बाहेर येईपर्यंत ठरून गेलेलं असतं. आमच्या घरात हा मान माझी पत्नी किर्ती हिच्याकडे आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार कॉम्प्युटरबद्दल होती.

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की आतल्या बोर्डावर बसवलेली नखाएवढी एक चिप सगळ्यांच्या आधी जागी होते. तिच्यात एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला बायोस म्हणतात. तो मेमरी मोजतो, कीबोर्ड जागेवर आहे का बघतो, डिस्क चाचपतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. हे मला पूर्वी माहीत नव्हतं आणि माहीत नव्हतं तोवर मी सुखात होतो.

आमची सोसायटी अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या रस्त्यावर आहे आणि तिचा सेक्रेटरी मी आहे. आमच्या इमारतीत गहू, खिडक्यांच्या जाळ्या आणि दिवाळीचे फटाके लॉटमध्ये घ्यायची पद्धत आहे. त्याच पद्धतीने आम्ही चार बिऱ्हाडांनी मिळून उल्हासनगर कॅम्प चारच्या हासूशेठकडून चार कॉम्प्युटर एकदम आणले होते. चारही एकाच मापाचे, एकाच बोर्डाचे. एक माझा, एक विमा एजंट प्रमोदचा, एक पालेगावची शेती सोडून फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या महिपतीशेठचा आणि एक तळमजल्यावरच्या भागीरथीबाईंचा.

हे कॉम्प्युटर चालू केले की पडद्यावर सगळ्यांत आधी हासूशेठच्या दुकानाची पाटी यायची. नाव, फोन नंबर आणि खाली लाल अक्षरांत ‘वेलकम’. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्याच विजेवर हासूशेठ रोज मला या म्हणायचा. एवढंही मी चालवून घेतलं असतं. पण एकदा बायोसच्या सेटिंगमध्ये जायला गेलो तर तिथे पासवर्ड. मी दुकान गाठलं.

“वो ताला तो हमने लगाया है, साईं,” हासूशेठ म्हणाला. “कस्टमर लोग अंदर हाथ डालते हैं, फिर बोलते हैं शेठ, बिगड़ गया.”

“ठीक आहे. पासवर्ड द्या.”

“वो तो जो लड़का बनाता था उसको मालूम. वो गया दुबई.”

म्हणजे माझ्या वस्तूला कुलूप, कुलूप लावणारा दुबईत आणि किल्ली कोणाकडेच नाही. बोर्डावरची बॅटरी काढली की पासवर्ड पुसला जातो असं वाचून मी ती काढून बघितली, कुलूप तसंच. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. एवढ्या वर्षांत एकही रेघ मी का ओढली हे सांगता येणार नाही अशी ओढलेली नाही. अशा माणसाला हे लागतं. किर्तीला सांगितलं तर ती म्हणाली, “तुम्ही रोज कॉम्प्युटरवर पत्ते खेळता. त्याला आतली किल्ली कशाला लागते?” बायकोला काही गोष्टी सांगू नयेत.

याच सुमारास, म्हणजे दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात, मला इंटरनेटवर स्वतंत्र बायोसचा शोध लागला. कंपनीचं बंदिस्त बायोस पुसून टाकायचं आणि त्या जागी खुलं, ज्याचा शब्द न् शब्द कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, असं बायोस भरायचं. जगभरचे लोक हे फुकट, केवळ तत्त्वासाठी करत होते. कोणकोणत्या बोर्डांवर ते चालतं हेही तिथे दिलं होतं आणि त्यात आमचा बोर्ड होता. त्या दिवशी मला ऑफिसातलं काम सुचलं नाही.

हा विचार मी गच्चीवर, पाण्याची टाकी धुवायच्या निमित्ताने जमलेल्या सभासदांपुढे मांडला. स्वातंत्र्य म्हणजे काय, मालक कोण, पाहुणा कोण, असं बरंच बोललो. टाकी धुवून झाली तरी बोलत होतो.

“सेक्रेटरी, चाललंय ना त्ये?” महिपतीशेठ म्हणाला. “मंग चालू दे ना. भात लावल्यावर रोज उपटून बघतंय का कोन, मुळं फुटली का म्हनून?”

“वॉरंटी जाईल,” प्रमोद म्हणाला. “आणि बॉस, अशा केसमध्ये क्लेम पास होत नाही. कोणी केलं विचारलं तर स्वतःच केलं म्हणावं लागतं.”

भागीरथीबाई तेवढ्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. त्या नगरपालिकेच्या दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा सम्यक इंजिनीअर, ओमानला पाइपलाइनच्या कामावर. इमारतीतलं कोणाचंही दुखणंखुपणं आधी त्यांच्याकडे जातं. माझी साखर वाढलेली त्यांनीच पकडली आणि तेव्हापासून त्यांच्या घरी मला बिनसाखरेचा चहा मिळतो. तो पिताना त्या समोर बसून बघतात.

“कमळाकर, माझ्या कॉम्प्युटरला काही करायचं नाही ना?” त्यांनी विचारलं.

“अजिबात नाही, सिस्टर. तुमचा शुक्रवार मला ठाऊक आहे.”

भागीरथीबाईंचा शुक्रवार सगळ्या इमारतीला ठाऊक होता. ओमानला सुट्टी शुक्रवारी. सकाळी दहा वाजले की बाईंचं दार लागायचं, आत कॉम्प्युटर चालू व्हायचा आणि कॅमेऱ्यावर सम्यक यायचा. आईला माउसची भानगड नको म्हणून त्याने जाण्यापूर्वी अशी व्यवस्था करून ठेवली होती की तिने नुसतं बटण दाबलं की बाकी सगळं आपोआप जोडलं जावं. त्या वेळेत त्यांच्या दाराची बेल कोणी वाजवत नसे. दोन वर्षांत तो एकदाही घरी आला नव्हता. तेवढा अर्धा तास त्यांचा होता आणि तो मी मोडणार नाही असं मी गच्चीवर सगळ्यांसमक्ष सांगितलं.

आमच्या एमआयडीसीलाही सुट्टी शुक्रवारचीच. जुना प्रोग्रॅम पुसून नवा चिपमध्ये भरायला थोडाच वेळ लागतो, पण तेवढ्यात वीज जाता कामा नये. गेली तर चिप अर्धवट राहते आणि कॉम्प्युटर पुन्हा उठत नाही. आपल्याकडे भारनियमन किती होतं हे मी सांगायला नको. मी वीज मंडळाचं वेळापत्रक मिळवलं, सबस्टेशनवर जाऊन खात्री करून घेतली, वायरमनला चहा पाजला. दुपारी भरायला घेतलं. पडद्यावर पट्टी सरकत होती. निम्म्यावर आली आणि पंखा थांबला.

मी गॅलरीत गेलो. समोरच्या इमारतीत टीव्ही चालू होता. आमच्याच इमारतीचा मेन स्विच कोणीतरी पाडला होता. तरातरा खाली गेलो तर मीटरच्या खोलीला रंग लावायला आलेला माणूस शिडीवर उभा. कोणाच्या परवानगीने स्विच पाडला, असं मी गरजलो. त्याने ब्रशनेच भिंतीवरच्या नोटिशीकडे बोट दाखवलं. शुक्रवारी दुपारी मीटर रूमच्या रंगकामासाठी वीजपुरवठा बंद राहील, सभासदांनी सहकार्य करावे. खाली माझी सही. शिक्का जरा तिरका पडला होता.

मी वर आलो आणि सहकार्य केलं.

वीज परत आली तेव्हा माझा कॉम्प्युटर फक्त पंखा फिरवत होता. पडदा काळा. हासूशेठची पाटी गेली होती, त्या अर्थी काम निम्मं झालं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

अशा मेलेल्या चिपवर उपाय असतो. त्याच जातीचा दुसरा कॉम्प्युटर त्याच्या चांगल्या चिपवर चालू करायचा. तो चालू असतानाच ती चांगली चिप दोरा घालून अलगद उपटायची. कॉम्प्युटर एकदा उठला की त्याला तिची गरज नसते. मग तिच्या जागी मेलेली चिप बसवायची, तिच्यात प्रोग्रॅम भरायचा आणि ज्याची चिप त्याला परत करायची. लॉटमध्ये माल घेतल्याचं मला तेव्हा फार समाधान वाटलं. मी प्रमोदच्या मागे लागलो.

“बॉस, माझे सगळे क्लायंट त्यात आहेत,” प्रमोद म्हणाला.

“क्लायंट डिस्कमध्ये आहेत. मी डिस्कला हात लावणार नाही.”

“हे मी पण कस्टमरला असंच सांगतो,” तो म्हणाला, पण कॉम्प्युटर घेऊन आला. माणूस भिडस्त आहे.

यावेळी कुठलीही नोटीस लावलेली नाही हे खाली जाऊन बघून आलो. प्रमोदचा कॉम्प्युटर चालू केला. किर्तीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घातला, चांगली चिप सुटली. ती स्टीलच्या ताटलीत माझ्या मेलेल्या चिपशेजारी ठेवली. दोन्ही चिपा हुबेहूब सारख्या. मी किर्तीला म्हणालो, “यांतल्या एकीला खूण करून ठेव,” आणि कोणती कुठली ते दाखवून हात धुवायला गेलो. परत येऊन बघतो तर एका चिपवर काळी टिकली. मी टिकलीवाली उचलली, बसवली आणि तिच्यातलं सगळं पुसून टाकलं. मग नवा प्रोग्रॅम भरला. तो, नंतर कळलं, वेगळ्याच बोर्डाचा होता. पण त्याची हळहळ करायला त्या वेळी सवड नव्हती, कारण ताटलीत उरलेली चिप प्रमोदच्या कॉम्प्युटरला लावली आणि तोही नुसता पंखा फिरवायला लागला.

“तू टिकली कोणत्या चिपला लावलीस?” मी विचारलं.

“चांगलीला.”

“चांगलीला काळी?”

“मग?” किर्ती म्हणाली. “चांगल्यालाच तीट लावतात. एक तर आधीच गेलंय, आता प्रमोदभावजींच्या कॉम्प्युटरला दृष्ट नको लागायला. जे मेलंय त्याला तीट कोण लावतं?”

  तिच्या बाजूने विचार केला तर तिने कोणालाही सुचलं असतं तेच केलं होतं आणि मी कारखान्यातला नियम घरात लावला होता. आमच्याकडे बाद मालाला काळा ठिपका देतात.  प्रमोदने दोन्ही हात खिशात घातले आणि माझा विमा कधी संपतो एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपतीशेठने एक टेम्पो बोलावला, आपला कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि पालेगावच्या जुन्या घरी गोठ्यात नेऊन ठेवला. शेजारी म्हैस आहे आणि ती कोणाला जवळ येऊ देत नाही, असं त्याने जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. मी सेक्रेटरी म्हणून जिन्यात शांतता राखण्याची विनंती केली. तिचा उपयोग झाला नाही.

हासूशेठकडे गेलो. “चिप अकेला नहीं मिलता, साईं. पूरा बोर्ड बदलो. और वो बोर्ड अब आता नहीं.” मग त्याने खरोखरच्या दुःखाने मान हलवली. “चार पीस गया था. दो आपने मार दिया.”

चिप भरण्याचं एक खास यंत्र असतं. ते विठ्ठलवाडीपलीकडच्या एका सरकारी तंत्रशिक्षण संस्थेत आहे असं समजलं. मी सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज घेऊन गेलो. उद्देश या शब्दापुढे मी विचारपूर्वक लिहिलं होतं, ‘संगणकास स्वातंत्र्य मिळवून देणे’. कारकुनाने अर्ज दोनदा वाचला.

“स्वातंत्र्य आमच्याकडे येत नाही,” तो सौम्यपणे म्हणाला. “आमच्याकडे फक्त यंत्रसामग्री. दुरुस्ती लिहा.”

मी दुरुस्ती लिहिलं.

“पण बाहेरची दुरुस्ती आम्हाला घेता येत नाही. शिक्षणासाठी असेल तर वापरता येतं.”

“मग शिक्षण लिहितो.”

“लिहा. मात्र मग तुम्ही विद्यार्थी पाहिजेत.”

माझं वय अठ्ठेचाळीस. कंबरदुखीचा पट्टा बांधून मी तिथल्या बाकावर बसलो होतो. माझ्याकडे बघून त्या माणसाला दया आली असावी. तो म्हणाला, नियमांचं आपण बघू हो, पण कपाटाची किल्ली ज्या सरांकडे आहे ते निवडणुकीच्या कामावर गेलेत, निकाल लागले की येतील. म्हणजे पुन्हा कुलूप आणि पुन्हा किल्ली दुसऱ्याच्या खिशात. देशात लोकशाहीचा उत्सव चालू असताना मी दोन मेलेल्या चिपा काडेपेटीत घालून घरी आलो.

आता एकच कॉम्प्युटर उरला होता आणि त्याचं नाव काढायचं नाही असं मी ठरवलं होतं. भागीरथीबाईंनीच ते काढलं. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मला बोलावून बिनसाखरेचा चहा दिला.

“प्रमोदच्या बायकोशी बोलले मी,” त्या म्हणाल्या. “तो घरात जेवत नाही म्हणे धड. माझ्या चिपवर होईल का ते?”

“होईल. पण नको, सिस्टर. उद्या शुक्रवार.”

“उद्याचा शुक्रवार मोठा आहे,” त्या म्हणाल्या. “सम्यकला वाळवंटात आतल्या साइटवर पाठवतायत. तिथे इंटरनेट नाही. पावसाळाभर तरी नाही दिसायचा.”

“मग तर मुळीच नको.”

“दवाखान्यात मी रक्त द्यायला माणसं शोधायचे,” बाई म्हणाल्या. “प्रत्येक जण सांगायचा, उद्या माझ्याकडे कार्य आहे. उद्या सगळ्यांकडेच काहीतरी असतं, कमळाकर. तू नीट कर म्हणजे झालं.”

मला नाही म्हणता यायला हवं होतं. पण प्रमोद जिन्यात भेटला की नजर खाली घालायचा. चूक माझी आणि नजर त्याची खाली, हे मला सहन होत नव्हतं. मी हो म्हणालो.

यावेळी मी प्रोग्रॅम तीनदा तपासला. किर्तीला टिकल्यांचं पाकीट घेऊन माहेरी जायला सांगणार होतो, पण ती आधीच येऊन बसली होती. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली टेबलावर उघडा कॉम्प्युटर, खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेल्या भागीरथीबाई. मी दोरा घातला. त्यांची चिप घट्ट बसलेली होती. जरा ओढली, मग जरा जास्त ओढली. टक् असा आवाज झाला आणि ती सुटून फरशीवर पडली. उचलून पाहिली तर कोपऱ्यातले तीन पाय मोडून जागेवरच राहिले होते.

मी ते चिमट्याने वेचून काढले.  कॉम्प्युटर अजून चालू होता, पण आता तो बंद करता येणार नव्हता. बंद केला की त्याला उठवणारं कोणी उरलं नव्हतं. माझ्या हाताला इतका घाम आला की किर्तीने पदराने पुसला. मी काडेपेटीतली एक चिप त्याच्यात बसवली आणि स्वतंत्र बायोस भरायला घेतलं. पट्टी पुढे सरकत होती आणि तत्त्व, मालक, पाहुणा यांतलं मला काहीही आठवत नव्हतं. सम्यकचा चेहरा तेवढा आठवत होता. आठवीत असताना माझ्याकडे भूमितीच्या आकृत्या काढायला यायचा.

भरून झालं. मी कॉम्प्युटर बंद केला, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

उघडले तेव्हा तो सुरू झालेला होता. पाटी नाही, मेमरी मोजणं नाही, फ्लॉपीची घरघर नाही. मी जाता जाता सुरुवातीला उगाच उठणारे दहा-बारा प्रोग्रॅमही काढून टाकले. पूर्वी बाई बटण दाबून चहाचं आधण ठेवत, तो उकळून गाळून होईपर्यंत हा तयार व्हायचा. आता आधणाचं पातेलं हातात घेईपर्यंत तयार. मी तो पुन्हा पुन्हा बंद करून चालू करून दाखवला. भागीरथीबाई म्हणाल्या, “छान झालं रे,” आणि किर्तीला म्हणाल्या, “याला आता झोपायला ने.”

शुक्रवारी दहाच्या सुमारास मी घरात थांबू शकलो नाही. जिन्यात नोटीस बोर्डाच्या काचा पुसत उभा राहिलो. आतून सम्यकचा आवाज आला तेव्हा मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. अंबरनाथमध्ये, कदाचित पार बदलापूरपर्यंत, हे पहिलंच स्वतंत्र बायोस होतं आणि ते माझ्या हातचं होतं. आता त्याच कॉम्प्युटरवर बाकीच्या चिपा आरामात भरता येणार होत्या. बाईंचं दार उघडलं की त्या आधी काय म्हणतील आणि त्यावर मी नम्रपणे काय म्हणायचं हेही ठरवून ठेवलं.

दार उघडलं. बाईंचे डोळे लाल होते.

“ये आत,” त्या म्हणाल्या. “कमळाकर, याला परत पहिल्यासारखं हळू करता येईल का?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “हळू?”

“लवकर आला तो. मी तयार नव्हते.” त्या खुर्चीवर बसल्या. “बटण दाबलं की मला रडू येतं. दर शुक्रवारी येतं. आता पोरगा दिसणार म्हटलं की येतंच. मग ती हासूशेठची पाटी यायची, ते आकडे पळायचे, घरघर व्हायची, तोवर माझं सगळं होऊन जायचं. तोंड धुवायचं, केस सारखे करायचे, चष्मा लावायचा. तो दिसेपर्यंत मी हसत असायचे. दोन वर्षांत त्याला एकदा कळू दिलं नाही मी.”

मी उभाच होतो.

“आज बटण दाबलं आणि समोर तोच. पदर तोंडावर होता माझ्या. तो विचारत राहिला, आई, काय झालं, आई, मी परत येऊ का. सगळा वेळ त्यातच गेला. आता तिकडे वाळवंटात तो तेच घेऊन बसेल.”

मला फार वाईट वाटलं. जे नाही मोडणार म्हणून गच्चीवर सांगितलं होतं, ते मी मोडलं होतं आणि तेही सगळं यशस्वी होऊन. बटण दाबायच्या आधीच तोंड धुवा, असं सुचवणार होतो. पण बाईंकडे बघून कळलं की ते रडू बटणाच्या आधी येणारं नव्हतं.

मी बाईंच्याच कॉम्प्युटरपुढे कामाला बसलो. जुन्या बायोसमध्ये हे जमलंच नसतं. तिथे कुलूप होतं आणि आत काय लिहिलंय हे कोणाला वाचताही येत नव्हतं. इथे सगळं माझ्यापुढे उघडं होतं. जगभरातल्या हुशार लोकांनी वर्षानुवर्षं खपून त्यातला क्षण न् क्षण वाचवला होता. मी सुरुवातीलाच चार ओळी घातल्या आणि ते सगळे क्षण परत घालून टाकले. आमच्या इमारतीत या स्वातंत्र्याचा पहिला उपयोग कॉम्प्युटर मंद करण्यासाठी झाला. तेवढ्या वेळात पडद्यावर काय दाखवू, असं मी बाईंना विचारलं होतं. बुद्धवंदना, फुलं, सम्यकचा फोटो, काहीही करता येईल म्हणालो.

“काही नको,” त्या म्हणाल्या. “काळंच राहू दे. कोणी बघत नाही असं वाटलं पाहिजे.”

बाईंच्या चिपचे मोडके तीन पाय मी कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनकडून डाग देऊन घेतले आणि पावसाळ्यात प्रमोदचा आणि माझाही कॉम्प्युटर उठला. आमचे दोघांचे झटकन उठतात. प्रमोद ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो आणि मी केलं असंही सांगतो. महिपतीशेठचा अजून म्हशीजवळच आहे.

डिसेंबरात सम्यक सुट्टीवर आला. जय भीम काका म्हणून पाया पडला, बाईंनी मला आणि प्रमोदला चहाला बोलावलं. इंजिनीअरच तो, पहिल्याच दिवशी आईचा कॉम्प्युटर बघायला बसला होता.

“काका, आईने सांगितलं तुम्ही यात ओपन बायोस टाकलंय,” तो म्हणाला. “तिकडे आमच्या साइटवर एकाकडे आहे. ग्रेट काम आहे हे. पण ते तर चुटकीसरशी उठतं. प्रमोदकाकांचा उठतो. आईचाच एवढा वेळ काळा का राहतो? काय चुकलं?”

आयुष्यात पहिल्यांदा समजणाऱ्या माणसाने मला माझ्या कामाबद्दल विचारलं होतं. चुकलं, असं मला कोणी म्हणालेलं मी ऐकून घेत नाही, कारखान्यात मॅनेजरचंही नाही. स्वयंपाकघराच्या दारात भागीरथीबाई हातात ट्रे घेऊन थांबल्या होत्या.

“त्याचं नीट नाही जमलं बाबा मला,” मी म्हणालो.

“पहिला होता ना तो,” प्रमोद म्हणाला. “पहिल्याचं असं होतं.”

“मग मी करून देतो. संध्याकाळी बसतो,” सम्यक म्हणाला. “सगळं खुलंच आहे की.”

“नाही रे. त्याला पासवर्ड आहे.”

“कोणाचा?”

“माझाच. विसरलो मी.”

सम्यकने प्रमोदकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसू दाबायचा त्याने प्रामाणिक प्रयत्न केला. “मग काका, हे स्वतंत्र कसलं? हे तर हासूशेठसारखंच झालं.”

“झालं खरं,” मी म्हणालो.

“त्याला चहा पिऊ दे आधी,” भागीरथीबाई मुलाला म्हणाल्या आणि ट्रे खाली ठेवून माझा कप त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला. या वेळी त्या समोर बसल्या नाहीत, खिडकीचा पडदा सारखा करत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मी घोट घेतला. चहात साखर होती.